पुडी वरणात घालू नका, मेडिकलचा केसपेपर काढा

पत्र :

मॅडम, नमस्कार. माझं वय ३८. मिस्टर हिंगणा एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. दारू दहा-बारा वर्षांपासून. आधी शनिवारी असायची, आता रोज. सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात थरथरतात, दाढीसुद्धा करता येत नाही. वरून दिवसाला आठ-दहा खर्रे, सुपारी-तंबाखू घोटलेले. सुपरवायझरचा फोन आला की मीच सांगते, ताप आहे म्हणून. पोळ्याला गावी उमरेडकडे गेलो होतो. सासऱ्यांसमोर पिता येईना म्हणून बंद ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिरगीसारखा झटका आला. कांदा हुंगवला, थोड्या वेळानं बरे झाले. आता सासूबाईंनी कुठून तरी एक पुडी आणली आहे. न सांगता वरणात मिसळायची, एकवीस दिवसांत दारू सुटते म्हणे. दीर म्हणतात एक केंद्र आहे, रात्री गाडी पाठवून उचलून नेतात, चार महिने ठेवतात. मला दोन्हीची भीती वाटते. मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नेलं तर वस्तीत बोभाटा होईल, नोकरीही जाईल. मुलगा बारावीला आहे, परवा त्याच्या दप्तरात खर्र्याची पन्नी सापडली. माणूस चांगला आहे हो, पण पिऊनच राहिले. काय करू?

— एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, तुम्ही पुडीबद्दल विचारलंत, केंद्राबद्दल विचारलंत. पण पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही कांद्याबरोबर एका ओळीत उरकून टाकली आहे. पोळ्याचा तो झटका. मी तिथूनच सुरू करते, कारण बाकी सगळे निर्णय त्यावर ठरतात.

तो झटका दारू पिल्यामुळे आला नाही, अचानक बंद केल्यामुळे आला. रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू वर्षानुवर्षं दारूच्या गुंगीविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकलेला असतो. एके दिवशी दारू पूर्ण थांबते, पण मेंदूचा जोर तसाच राहतो. मग हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटका येऊ शकतो. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आला, म्हणजे वेळ अगदी जुळते. याच्या पुढची पायरी आणखी वाईट. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भिंतीवर किडे-मुंग्या दिसू लागतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, घरच्यांची ओळख पटत नाही. लोक त्याला बाहेरची बाधा समजून भलतीकडेच घेऊन जातात. उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. आणि एकदा असा झटका येऊन गेला की पुढच्या वेळी अचानक बंद केल्यावर तो परत येण्याचा धोका वाढतो.

म्हणून एक गोष्ट कानाला विचित्र वाटेल, तरी सांगते. डॉक्टरांकडे नेईपर्यंत त्यांची बाटली मोरीत ओतू नका, खोलीत कोंडून ठेवू नका, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. श्रावण पाळणं, माळ घालणं, नवस बोलणं याला माझा विरोध नाही, त्या बळावर सावरलेली माणसं आहेत. फक्त तुमच्या मिस्टरांसारख्या झटका येऊन गेलेल्या माणसानं तो पहिला आठवडा घरी काढायचा नाही. माळ घालायचीच असेल तर दवाखान्यातून आल्यावर घाला.

मध्येच पुन्हा झटका आलाच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार, कडक सामान बाजूला करा, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल दोन्ही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

आता नेमकं कुठे जायचं ते. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे. मिहानच्या एम्समध्येही आहे. मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. त्याचं नाव काढलं की आपल्या गावात लोक दबकतात, चौकालासुद्धा ‘पागलखाना चौक’ म्हणतात, त्यामुळे तिथे जायला तुमचं मन होणार नाही हे मी गृहीत धरते. मेडिकलला जा. सकाळी केसपेपर काढा, मानसोपचार ओपीडीत बसा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : “दारू बंद केल्यावर झटका आला होता.” या एका वाक्यानं तुमच्या केसची निकड त्यांना कळेल. अशा रुग्णाला बहुधा भरती करूनच दारू थांबवतात.

भरतीत काय होतं? रक्त तपासतात, लिव्हर बघतात, साखर बघतात, बहुधा ईसीजी काढतात. नर्स ठरावीक वेळानं येऊन हात पुढे करायला लावते, घाम बघते, आज तारीख काय, आपण कुठे आहोत असं विचारते. तिच्या कागदावर दहा मुद्द्यांची एक मोजपट्टी असते आणि त्या आकड्यावरून गोळीचं प्रमाण ठरतं. ही गोळी दारू उतरण्याचा झटका थोपवते आणि काही दिवसांत टप्प्याटप्प्यानं कमी करत बंद करतात. सोबत व्हिटॅमिन बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं असतात. थायमिनचं मी मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे वस्तीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून “दारू उतरवून” देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं. त्यात आधी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, चालताना तोल जातो, स्मरणशक्ती जाते. तेव्हा शॉर्टकट म्हणून सलाइन लावून आणू नका. आणि भरतीत मिळालेल्या झोपेच्या वर्गातल्या गोळ्या नंतर जुन्या चिठ्ठीवर मेडिकल स्टोअरमधून आणत राहू नका. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो.

इथवरचं काम आठ-दहा दिवसांचं. घरचे इथेच फसतात. सुटी झाली, चेहरा उजळला, भूक लागली, म्हणजे सुटली दारू. ताई, शरीरातली दारू उतरली एवढंच झालंय. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो आणि तो महिन्यांच्या हिशेबात चालतो. त्यात समुपदेशन असतं आणि तल्लफ कमी करणारी औषधं असतात. नालट्रेक्सोन पिण्यातली मजा कमी करतं. अकॅम्प्रोसेट आधीच थांबलेल्याला थांबून राहायला मदत करतं. लिव्हर बिघडलेलं असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. कोणतं द्यायचं हे लिव्हर, किडनी आणि माणूस पाहून ठरतं. शेजारणीच्या नवऱ्याला कोणती गोळी लागू पडली यावरून ठरवू नका.

आणखी एक गोळी आहे, आणि ती तुमच्या सासूबाईंच्या पुडीशी जवळची आहे. डायसल्फिरम. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोब्सेन हे दोन संशोधक पोटातल्या जंतांवर हे औषध तपासत होते. गोळी आधी स्वतः घेऊन पाहिली आणि नंतर थोडी दारू घेतली, तर दोघांचीही तब्येत बिघडली. दारू शरीरात मोडताना मध्ये एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी तो लगेच पुढे मोडला जातो, पण ही गोळी ते काम अडवते. मग दारू पोटात गेल्यावर दहा-वीस मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. हृदय किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर जीवावर बेतू शकतं. म्हणून हे औषध रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, शेवटच्या दारूनंतर किमान १२ तासांनी सुरू करतात. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. स्वतःच्या मर्जीनं, बायकोसमोर रोज सकाळी ती घेणाऱ्यांना तिचा फायदा होतो.

सासूबाईंच्या पुडीत काय आहे हे तिच्यावर लिहिलेलं नाही. काहीच नसेल तर पैसे गेले, एवढ्यावर भागलं. पण हेच औषध किंवा गुंगीचं काही असेल तर रोज सकाळी पिणाऱ्या माणसाच्या वरणात ते घालणं म्हणजे त्याला न सांगता विष चढवणं. समजा औषध निरुपद्रवी निघालं. तरी कधी ना कधी त्यांना कळणारच. सासूबाई बोलतील, नाहीतर मुलगा. मग ते तुमच्या हातचं जेवण बंद करतील, पुढे डॉक्टरांनी दिलेली खरी गोळीसुद्धा “बायकोनं काहीतरी घातलंय” म्हणून थुंकून टाकतील. फार पिणाऱ्यांमध्ये बायकोवर संशय घेणं तसंही वाढलेलं असतं, त्यात आपण होऊन भर घालायची कशाला? सासूबाईंना रागावू नका. आईच्या जिवाची घालमेल आहे ती. “डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही द्यायचं नाही असं ठरलंय,” एवढंच सांगा. एखादा चमचा आधीच वरणात गेला असेल तर पुडी सोबत घेऊन जा आणि ओपीडीत खरं सांगा.

केंद्राचा प्रश्न थोडक्यात. सगळी केंद्रं वाईट नसतात. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथून बरे होऊन आलेले कितीतरी लोक आज दुसऱ्यांना सावरतात. पण जे केंद्र रात्री गाडी पाठवून माणूस उचलतं, ते तुमच्यासाठी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक आजार येतात. रुग्णाला साखळीनं बांधायला त्या कायद्यानं बंदी आहे, आणि संमतीशिवायची भरती फक्त ठरावीक अटींवर, डॉक्टरांच्या तपासणीनंतर करता येते. दिरांना तीन गोष्टी विचारायला सांगा. नोंदणी आहे का? पहिल्या आठवड्यात रात्री झटका आला तर तिथे डॉक्टर कोण असतो? नातेवाइकांना भेटू देतात का? “चार महिने भेट नाही” असं उत्तर आलं तर विषय संपला.

बोभाट्याबद्दल काय सांगू? ज्या माणसाला सकाळी नळावर पाणी भरताना सगळी वस्ती थरथरताना बघते, त्याची बातमी फोडायला मेडिकलची गरज आहे का? कायद्यानं दवाखान्याला तुमची माहिती गुप्त ठेवावी लागते. नोकरीचा धोका उपचारापेक्षा रोजच्या खाड्यांनी जास्त आहे, त्यात मशीनवर थरथरत्या हातांचा माणूस. पगारातून कामगार विमा कापला जात असेल तर सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात जाऊन भरती, पुढची चिठ्ठी आणि रजेचा दाखला यांची चौकशी करा. दाखल्यावर आजारपण असं असलं तर तुम्हाला फोनवर ताप सांगावा लागणार नाही.

तो तापाचा फोन. मला वाटतं तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे. अमेरिकेत १९९९ साली एका अभ्यासात उपचाराला तयार नसलेल्या दारुड्यांच्या १३० घरच्यांना तीन गटांत वाटलं. एका गटाला सगळे नातेवाईक जमवून त्या माणसासमोर बसायचं आणि त्याला खडसवायचं, हे शिकवलं. दुसऱ्याला अल-अॅनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, धर्तीवर आधार दिला. तिसऱ्या गटातल्या घरच्यांना रोजच्या वागण्यातले बारकावे शिकवले : पिलेला असताना वाद घालायचा नाही, न पिता आलेला दिवस गोड करायचा, पिण्याचे परिणाम आपण झाकायचे नाहीत आणि योग्य क्षणी उपचाराची गोष्ट काढायची. पहिल्या गटात ३० टक्के माणसं उपचाराला आली, दुसऱ्यात १३, तिसऱ्यात ६४. अल-अॅनॉनवर अन्याय नको. तिथे मुळात नवऱ्याला ओढून आणायचं हा हेतूच नसतो, घरच्यानं स्वतः सावरावं हा असतो, आणि त्यासाठी तुम्ही जरूर जा. पण “काका-मामा बोलावून एकदा सगळे मिळून झापू” हा आपला लाडका उपाय किती तोकडा पडतो बघा.

तुमच्या घरात हे असं करता येईल. रात्री ते आले की जेवण वाढा आणि गप्प राहा. त्या वेळी बोललेलं त्यांच्या सकाळी लक्षातही नसतं. सकाळी हात थरथरत असतात, तेव्हा त्यांना स्वतःलाच स्वतःची भीती वाटत असते. शरम असते, पण राग कमी असतो. त्या वेळी चहा देऊन जवळ बसा. “किती प्यायलात” हे विचारूच नका. म्हणा, “पोळ्याला तुम्ही खाली पडलात तेव्हा मी घाबरले होते. तो झटका अचानक बंद केल्यानं आला. मेडिकलला त्यावर औषध आहे. मी सोबत येते, आपण झटक्यासाठी दाखवू.” दारू सोडायला चला म्हटलं की पुरुषाचा अहंकार आडवा येतो. झटका दाखवायला चला म्हटलं तर येतात. एकदा डॉक्टरांसमोर बसले की पुढचं ते बघतात. ‘नाही’ म्हणाले तर वाद घालू नका, आठवड्यानं परत विचारा. सुपरवायझरचा फोन आला तर फोन त्यांच्या हातात द्या. खोटं तुम्ही बोलायचं नाही, खरं सांगून चहाडीही करायची नाही. आणि ज्या संध्याकाळी ते न पिता घरी येतील (वर्षातून दोन-चारदा येत असतीलच), त्या दिवशी मागची उधारी, मागचं भांडण काही काढू नका. आवडीचं काही करा, चार गोष्टी बोला. बायकांना याचाच राग येतो हे मला माहीत आहे : “आम्हीच गोड वागायचं का?” तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. ते हात उगारत असतील तर हे सगळं बाजूला. तेव्हा आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी, १८१ किंवा ११२ वर फोन. पत्रात तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी वरचं सांगितलं.

खर्रा राहिला. घरात म्हणतील, आता खर्रा तरी राहू द्या त्यांचा, दोन्ही एकदम सोडलं तर दारू परत लागेल. ही समजूत फार पसरलेली आहे. २००४ मध्ये अशा १९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा नशामुक्तीच्या उपचारातच तंबाखूवरही मदत मिळालेल्यांत दारू आणि ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्के जास्त दिसली. तेव्हा डॉक्टरांना खर्र्याचंही सांगा. आधी एक घरगुती तपासणी करा. त्यांना तोंड उघडायला लावा आणि त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, तर मेडिकलच्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवल्याशिवाय घरी यायचं नाही. हे सुपारीचं काम आहे आणि पुढे ते कॅन्सरकडे जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं. म्हणून “तंबाखू कमी टाकून घोटून देतो” म्हणणाऱ्या पानठेलेवाल्याचे आभार मानू नका. तोंड आखडलेल्यांना निकोटिनचं च्युइंगम चावणं जड जातं, त्यांच्यासाठी पॅच आहे, गोळ्या आहेत.

मुलाला मारू नका. बापाचा खर्रा आणायला तोच पानठेल्यावर जात असेल तर ते काम आजपासून बंद करा. दारूच्या व्यसनाची निम्मी ओढ रक्तातून येते असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं. त्याला एकट्याला घेऊन हे सांगा, धमकीच्या सुरात नको. त्याची सवय अजून कोवळी आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. त्याला स्वतःला लावू द्या. तुम्हाला रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

दिल्लीच्या एम्सनं देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलीतरी मदत मिळाली होती. भरतीचे उपचार तर १८० मध्ये एकाला. तेव्हा ओपीडीच्या बाकावर बसलात की तुम्ही फार पुढे गेलेल्या असाल, भले तिथे तीन तास बसावं लागो.

भरतीनंतरचे पहिले तीन महिने सगळ्यांत निसरडे असतात. त्यातही पगाराचा दिवस, लग्नाची वरात आणि जुना मित्र. पगार तुमच्या खात्यात वळवता येतो का हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, ते शुद्धीत आणि खुशीत असताना. आणि मध्ये एखाद्या दिवशी परत प्यायले तर “झालं, सगळं पाण्यात” असं म्हणून पुढची तारीख चुकवू नका. दारू परत सुरू होण्याचं प्रमाण मधुमेह-बीपीच्या रुग्णांचं पथ्य आणि औषध सुटण्याच्या प्रमाणाच्या आसपासच असतं, आणि साखर वाढली म्हणून कुणी डॉक्टर सोडत नाही. परत रोज प्यायला लागले असतील तर पुन्हा घरी अचानक बंद करायचं नाही हे लक्षात ठेवा. तारखेची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी तोच केसपेपर घेऊन जा. डॉक्टर दोन शब्द बोलले तर ऐकून घ्या, आणि किती, कधीपासून, गोळ्या कोणत्या दिवशी चुकल्या हे एका कागदावर लिहून न्या. त्यांच्या तोंडून ते निम्मंच येईल.